काही काम नसताना प्रोसेसर कुणासाठी राबतो?

प्रश्न : माझी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. हंगामात पेट्यांच्या मागण्या, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बिले मी लॅपटॉपवरच ठेवतो. लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो सुरू करून नुसता ठेवला तरी पंखा थांबत नाही, कीबोर्डच्या वरची पट्टी हात ठेववत नाही इतकी तापते आणि बॅटरी बघता बघता उतरते. एकही प्रोग्रॅम उघडा नसताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर 25 ते 30 टक्के दिसतो आणि यादीत सर्वांत वर 'सिस्टिम' हे नाव असते. व्हायरससाठी तपासणी केली, काही सापडले नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, सगळे पुसून विंडोज नव्याने टाकू. तेवढे करावेच लागेल का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : विंडोज नव्याने टाकण्याची आत्ताच घाई करू नये. हंगामाच्या नोंदी त्या उलथापालथीत पुसल्या जाऊ शकतात हे एक. आणि दुसरे असे की दोष ड्रायव्हरचा असेल, तर नवे विंडोज इंटरनेटला जोडले जाताच तोच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुन्हा उतरवून घेण्याची दाट शक्यता असते. मग पैसे देऊन झाल्यावरही पंखा परत घरघरू लागतो. आपल्या पत्रातल्या 'सिस्टिम' या नावावरून आणि 25 या आकड्यावरून संशय ड्रायव्हरकडेच जातो. तो का जातो, हे आधी सांगतो.

वाय-फाय, टचपॅड, कॅमेरा, प्रिंटर अशा प्रत्येक उपकरणाशी विंडोजने कसा व्यवहार करावा हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. यांतले बहुतेक महत्त्वाचे ड्रायव्हर ब्राउझर किंवा एक्सेलसारखे स्वतंत्रपणे चालत नाहीत. ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालतात. त्यामुळे टास्क मॅनेजरच्या यादीत त्यांची नावे येत नाहीत आणि त्यांनी खाल्लेला वेळ 'सिस्टिम' किंवा 'सिस्टिम इंटरप्ट्स' यांच्या खात्यावर पडतो. घराचे वीजबिल आजोबांच्या नावाने येते म्हणून सगळी वीज आजोबांनीच जाळली असे कुणी म्हणत नाही. 'सिस्टिम'चा आकडाही तसाच वाचावा.

आता 25 या आकड्याविषयी. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर प्रोसेसरच्या आलेखाखाली 'लॉजिकल प्रोसेसर्स' अशी ओळ असते; प्रोसेसर एका वेळी किती कामे हाताळू शकतो, याचा तो आकडा. तिथे 4 लिहिले असेल, तर एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा, अडकून गोल गोल फिरत राहिला की एकूण वापर बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे 25 टक्के होतो. तिथे 8 असेल तर हाच दोष 12.5 टक्के दिसतो आणि 12 असेल तर जेमतेम 8 टक्के. खऱ्या कामाचा आलेख वरखाली होत असतो. अडकलेल्या थ्रेडचा आलेख सपाट पठारासारखा एकाच उंचीवर थांबतो. टास्क मॅनेजरच्या निरनिराळ्या पानांवरचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा एखाद-दोन टक्क्यांच्या फरकाने गोंधळून जाऊ नये. तसेच 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोर 70 टक्के दिसले, तर तो रिकाम्या वेळेचा आकडा आहे, खर्चाचा नव्हे. त्याला दोषी धरून आलेली पत्रे या स्तंभाकडे वरचेवर येत असतात.

ड्रायव्हरला दोष देण्याआधी एक शंका मात्र दूर केली पाहिजे. लॅपटॉप सुरू झाल्यावर काही वेळ विंडोज फायलींची सूची करणे, अपडेट उतरवणे, डिफेंडरची तपासणी अशी कामे करतच असते आणि आपण माऊसला हात लावला नाही तर देखभालीची कामेही हाती घेते. म्हणून सुरू केल्यापासून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, मग टास्क मॅनेजर उघडा ठेवून माऊस हलवावा. देखभालीची कामे आपण हालचाल करताच सहसा मागे सरतात. ड्रायव्हरचा भार आपण जागे आहोत की झोपलो आहोत याची पर्वा करत नाही.

भार तसाच राहिला तर खरे नाव शोधण्यासाठी 'प्रोसेस एक्सप्लोरर' हे मोफत साधन वापरावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभ्या केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातले हे साधन आहे. 2006 साली मायक्रोसॉफ्टने तो संच आपल्याकडे घेतला, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. त्यावर उजवी कळ दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. साधे उघडले तर 'सिस्टिम'च्या आतले काहीच दिसत नाही. यादीत 'सिस्टिम'वर दोनदा टिचकी मारून 'थ्रेड्स' हे पान उघडावे आणि 'सीपीयू' या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत जास्त राबणारा थ्रेड वर येतो. त्याच्यासमोर 'स्टार्ट ॲड्रेस' या रकान्यात 'डॉट एसवायएस'ने संपणारे एक नाव असते. ते कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्याच पानावर 'किल' आणि 'सस्पेंड' अशी बटणे आहेत, त्यांना हात लावू नये. कर्नलचा थ्रेड मारल्यास संगणक जागच्या जागी कोसळू शकतो.

हे नाव कोणत्या उपकरणाचे, ते ओळखणे अवघड नाही. सी ड्राइव्हमधल्या विंडोज, मग सिस्टिम 32, मग ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असते. तिच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स' पानावर कंपनी, उत्पादन आणि आवृत्ती लिहिलेली सापडते. नाव एखाद्या वाय-फाय चिपच्या किंवा टचपॅडच्या कंपनीचे निघाले, तर अर्धे काम झाले.

मात्र पुष्कळदा नाव निघते ते मायक्रोसॉफ्टचेच, आणि इथे चांगले जाणकारही चकतात. एनडीआयएस, एसीपीआय, डब्ल्यूडीएफ 01000 ही त्यांतली नेहमीची नावे. या फायली स्वतः कोणतेही एक उपकरण चालवत नाहीत; इतर ड्रायव्हर ज्यांच्या आधाराने चालतात अशा त्या चौकटी आहेत. एनडीआयएस दिसले तर वाय-फाय आणि लॅनचे कार्ड, व्हीपीएन, तसेच नेटवर्कच्या वाटेत बसलेला अँटिव्हायरस यांच्याकडे पाहावे. एसीपीआय दिसले तर बॅटरी, तापमान, झाकण आणि चार्जर यांच्याकडे पाहावे. डब्ल्यूडीएफ दिसले तर उपकरण कोणतेही असू शकते. थ्रेडसमोर नुसते कर्नलचे, म्हणजे एनटीओएसकर्नलचे, नाव असेल, तर तो थ्रेड निवडून 'स्टॅक' हे बटण दाबावे. उघडणाऱ्या यादीत कर्नलच्या ओळींमध्ये परके असे एखादे नाव बहुधा असतेच.

नाव कळले तरी तो संशयच असतो. शहानिशा करण्यासाठी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकातल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडावा, टास्क मॅनेजर शेजारी दिसत राहील असा ठेवावा आणि संशयित उपकरणावर उजवी कळ दाबून 'डिसेबल' करावे. वाय-फाय बंद करताच 25 टक्क्यांचा आकडा काही सेकंदांत 2-3 टक्क्यांवर आला आणि पुन्हा सुरू करताच वर चढला, तर आणखी पुराव्याची गरज नाही. एका वेळी एकच उपकरण बंद करावे आणि फरक पडला नाही तर ते लगेच पूर्ववत करावे. तीन उपकरणे एकदम बंद केली, तर पंखा शांत होतो, पण दोषी कोण ते तसेच राहते. वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा, कार्ड रीडर, बोटाचा ठसा घेणारे उपकरण, ध्वनी एवढ्यांवर हा प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. डिस्कचे कंट्रोलर, कीबोर्ड आणि 'सिस्टिम डिव्हाइसेस'खालच्या नोंदी यांच्या वाटेला जाऊ नये. असे केल्यावरही काहीच हाती लागले नाही, तर शिफ्टची कळ दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडावे आणि सेफ मोडमध्ये जाऊन पाहावे. तिथे बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर चढतच नाहीत. तिथे पंखा शांत राहिला तर दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा किंवा सेवेचा, ही शक्यता बळावते. विंडोज 11 मध्ये डिस्क पुष्कळदा कुलूपबंद असते आणि सेफ मोडकडे जाताना बिटलॉकरची 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून ठेवावी.

उपायांपैकी पहिला म्हणजे मागे जाणे. त्रास 'गेल्या काही आठवड्यांपासून' आहे असे आपण लिहिता, म्हणजे एखाद्या अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर आला असावा. आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे गडबड झाल्यास परत येता येईल अशी विंडोजच्या स्थितीची नोंद, करून ठेवावा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबावे. ते पुसट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर संगणकावर शिल्लक नाही. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर, लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक घालून, त्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर उतरवून घ्यावा. त्याच पानावर ड्रायव्हरची तारीख दिसते. ती 21 जून 2006 अशी असेल, तर ड्रायव्हर वीस वर्षांचा जुनाट आहे असे समजू नये. विंडोजबरोबर येणाऱ्या अनेक ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट जाणूनबुजून हीच तारीख घालते, म्हणजे कंपनीने दिलेला ड्रायव्हर तुलनेत नेहमी नवा ठरतो आणि विंडोज त्याला पसंती देते.

एसीपीआयचा संशय खरा ठरला तर गाडी बहुधा बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, अपडेटवर येऊन थांबते. हे काम वळवाच्या पावसात वीज येत-जात असताना करू नये. बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. अपडेट अर्धवट राहिल्यास लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमच्या घरगुती निवासाच्या स्वागतकक्षात डेस्कटॉप आहे. बिलाचा प्रिंटर, स्कॅनर आणि यूपीएसची केबल असे सगळे एका यूएसबी हबला जोडले आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टिम इंटरप्ट्स' 15 ते 20 टक्के दाखवते आणि अधूनमधून उपकरण जोडल्याचा-काढल्याचा आवाज आपोआप येतो. प्रिंटरचा ड्रायव्हर दोनदा बदलून झाला. आता काय बदलावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ड्रायव्हरला तूर्त सोडून द्यावे आणि हबकडे पाहावे. आपोआप येणारा तो आवाजच पुरेसा बोलका आहे.

प्रत्येक उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी इंटरप्ट पाठवते. ड्रायव्हरने त्याला तातडीचे तेवढे उत्तर द्यायचे आणि उरलेले काम रांगेत लावायचे, अशी रीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार पहिल्या टप्प्याला 25 आणि रांगेतल्या टप्प्याला 100 मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागू नये. एरवी 'सिस्टिम इंटरप्ट्स'चा आकडा टक्का-दीड टक्क्याच्या आतच असतो. तो 15 वर जातो, याचा अर्थ एकतर ड्रायव्हर प्रत्येक वेळी फार रेंगाळतो, किंवा उपकरण विनाकारण सारखे हाका मारत राहते. तुटक जोडणीमुळे दुसरा प्रकार सहज घडतो : उपकरण निखळते, पुन्हा सापडते, विंडोज त्याची ओळख पहिल्यापासून करून घेते, तोवर ते परत निखळते.

समुद्रालगतच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीच्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो, विशेषतः पावसाळ्यात वापर कमी असलेल्या खोलीत. टॉर्च घेऊन हबच्या खाचांत नीट पाहिल्यास पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर दिसतो. संगणक बंद करून, केबल भिंतीतून काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो हलकेच पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. त्याआधी एक सोपी परीक्षा करून घ्यावी : हब मुळातून काढावा आणि 'सिस्टिम इंटरप्ट्स'चा आकडा पाहावा. तो खाली बसला, तर एकेक उपकरण थेट संगणकाच्या मागच्या खाचेत लावत जावे. सगळी थेट जोडूनही आकडा शांत राहिला, तर दोषी हबच, आणि तो बदलण्याचा खर्च फार नाही. एखादे विशिष्ट उपकरण लावताच आकडा चढला, तर मात्र ते उपकरण, त्याची केबल आणि शेवटी त्याचा ड्रायव्हर अशा क्रमाने तपासावे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी चौकट असते. स्वस्त प्रिंटर या झोपवण्या-उठवण्यात गडबडतात, म्हणून तिची खूण काढूनही पाहावी. सर्व करूनही आकडा हलला नाही, तर 'लेटन्सीमॉन' हे साधन दहा मिनिटे चालू ठेवून 'ड्रायव्हर्स' पानावर कोणाचा एकूण वेळ सर्वाधिक आहे ते पाहावे. एखाद्या वेळचा उच्चांक आणि एकूण भार या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला एकूण भार हवा आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू हे लिनक्स टाकले. काही न करता 'टॉप'मध्ये, म्हणजे तिथल्या टास्क मॅनेजरसारख्या यादीत, 'केवर्कर' नावाची एक प्रक्रिया एका कोअरचे 80 टक्के खाते. विंडोजमधले ड्रायव्हरचे उपाय इथे लागू होतात का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रोगाची जात तीच आहे. 'केवर्कर' हा कर्नलचा कामकरी थ्रेड, म्हणजे तोही दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर करणारा. 'सिस' फोल्डरमधल्या फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या वाटेने गेल्यास 'जीपीई' आणि पुढे क्रमांक अशा नावाच्या फायली दिसतील. प्रत्येकीत त्या त्या घटनेची मोजणी असते. काही सेकंदांच्या अंतराने ती दोनदा वाचावी. बहुतेक मोजण्या जागच्या जागी असतात. एखादीच लाखांच्या घरात असून धावत असेल, तर फर्मवेअरकडून, म्हणजे संगणकात मुळातच बसवलेल्या प्रोग्रॅमकडून, इंटरप्टचा भडिमार चालू आहे. त्या फाइलमध्ये रूट अधिकाराने, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, 'डिसेबल' हा शब्द लिहिला की केवर्कर लगेच शांत होतो. हा बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, आणि प्रयोगासाठी ते बरेच आहे, कारण तीच घटना झाकण मिटल्याची किंवा बॅटरी उतरल्याची वर्दी देत असू शकते. दिवसभर वापरून काही अडले नाही, तरच सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या सेवेत ती आज्ञा घालावी. जीपीईच्या मोजण्या स्थिर असतील, तर 'प्रॉक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' ही फाइल तशीच दोनदा वाचावी. तिथे उजवीकडे उपकरणाचे नावही असते.

प्रश्न : सर्व ड्रायव्हर एका कळीवर अद्ययावत करून देणारे मोफत प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळतात. कार्यालयातल्या संगणकांवर ते चालवले तर हा त्रास टळेल का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : टाळावेत. चालत असलेले दहा ड्रायव्हर बदलून एक बिघडवणे, हीच या दुखण्याची एक नेहमीची सुरुवात आहे. शिवाय असे प्रोग्रॅम स्वतःच पार्श्वभूमीला राबत राहतात. चालू ड्रायव्हर त्रास देत नसेल तर तो तसाच राहू द्यावा. आपल्याकडे विंडोज 10 चे संगणक असतील, तर मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आहे. अशा संगणकांवर 'नवा ड्रायव्हर' म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक खिडकीकडे अधिकच संशयाने पाहावे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर 12 टक्के वापर कायम दिसतो, पण काम अडत नाही. दुर्लक्ष केले तर चालेल का?
— एक शिक्षिका, दापोली

उत्तर : काम अडत नाही हे खरे, पण प्रोसेसरला रिकाम्या वेळी ज्या गाढ झोपेच्या अवस्थांत जायचे असते तिथे तो पोहोचत नाही. त्यामुळे उष्णता वाढते आणि वीज गेल्यावर बॅटरी निम्म्या वाटेत साथ सोडते. ऑनलाइन वर्गात आवाज तुटक येत असेल, तर तोही याच कारणाने येत असू शकतो. 12 टक्के हा आकडा आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर एका अडकलेल्या थ्रेडशी जुळतो, म्हणून देवगडच्या वाचकांना सांगितलेली तपासणी आपणही करावी. सुरुवात मात्र याहून सोपी करता येईल. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' लिहावे, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'एनर्जी' लिहावे आणि एंटर दाबावे. विंडोज 60 सेकंद निरीक्षण करते. तेवढा वेळ लॅपटॉपला हात लावू नये. मग तयार झालेला अहवाल ब्राउझरमध्ये उघडावा. त्यातल्या लाल पट्ट्यांत प्रोसेसरचा वापर आणि झोपेत न जाणारी यूएसबी उपकरणे नावानिशी दिलेली असतात. यादी लांबलचक असते आणि निरोगी लॅपटॉपवरही दोन-चार लाल पट्ट्या निघतात. त्यांतल्या प्रोसेसरच्या आणि यूएसबीच्या ओळी तेवढ्या वाचाव्यात.